कानपिळीचा मान

तो उघड्या डोळ्यांनी झोपायचा. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू होतो, आणि इतकी वर्षं झाली तरी तो माझ्या डोक्यात पुरता निस्तरलेला नाही.

टक्क उघडे नव्हेत, अर्धे. पापणीखालून बुबुळ दिसायचं आणि समोरच्याला वाटायचं, हा आपल्याकडेच बघतोय. साताऱ्याच्या हायस्कुलात आम्ही एका बाकावर बसायचो आणि एकाच बोर्डिंगात राहायचो. दुपारचं जेवण झालं की इतिहासाचा तास असे. निम्मा वर्ग पेंगायचा, मास्तर खडूचे तुकडे फेकून मारायचे. हा मात्र ताठ बसलेला, नजर मास्तरांवर. मास्तर बिचारे हळूहळू सगळा तास त्याच्याकडेच बघून शिकवायला लागले. एकदा तर आम्हा सगळ्यांना उभं करून म्हणाले, "अरे, याच्याकडून शिका काहीतरी!" तेव्हाही तो झोपलेलाच होता. मला हसू आवरेना, म्हणून मार मी खाल्ला.

झोपेत त्याला बोलतं करायची एकच युक्ती होती. चिमटे काढा, नाकात काडी घाला, कानाशी थाळी वाजवा, ढिम्म हलायचा नाही. पण नावानं हाक मारली की झोपेतूनच "ओ" यायची. हजेरीला तो कित्येकदा झोपेतच "हजर" म्हणालेला आहे. बोर्डिंगातल्या पोरांना तो खेळच झाला होता. जाता-येता कुणीही हाक मारायचं, हा "ओ" द्यायचा आणि पुन्हा घोरायला लागायचा. हाक मारली आणि ओ आली नाही, असं त्या सगळ्या वर्षांत एकदाही झालं नाही.

तसं आमचं दोघांचं जमावं असं काही नव्हतं. मी पूर्वेच्या दुष्काळी भागातला, मेंढरांमागं हिंडणाऱ्यांच्या घरचा. तो इस्लामपूरच्या अंगाचा. घरी ऊस, गुऱ्हाळ, दावणीला बैल. त्याच्या ट्रंकेत कपड्यांपेक्षा गूळ जास्त. माझ्याकडे काय, तर एक घोंगडं. पण साताऱ्याची थंडी अशी, की अजिंक्यताऱ्यावरून वारं सुटलं म्हणजे गूळ काही अंगावर ओढून घेता येत नाही. पहिल्याच हिवाळ्यात तो गुळाचा खडा हातात घेऊन माझ्या अंथरुणाशी आला आणि म्हणाला, "गड्या, निम्मा गूळ तुजा, निम्मं घोंगडं माजं." गुळाची वाटणी बरोबर झाली. घोंगडं मात्र उजाडेपर्यंत सगळंच त्याच्या अंगावर असायचं आणि मी गुडघे पोटाशी घेऊन कुडकुडत बसलेला. भांडायला जावं तर हा डोळे उघडे ठेवून झोपलेला. भांडणार कुणाशी?

एका सुट्टीत तो मला ओढूनच आपल्या गावी घेऊन गेला. घरात आई, चुलता-चुलती आणि धाकटी बहीण. वडील तो लहान असतानाच गेलेले, चुलत्याला मूलबाळ नाही. त्यामुळं सगळ्या घराचा हा एकच मुलगा. गुऱ्हाळ चालू होतं. चरक करकरत होता, बैल हाकणारा गडी ओरडत होता, काहिलीखाली चिपाडं तडतडत होती. मला शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. अशात त्याच्या आईनं परसदारातून, तीन वावरं पलीकडून, त्याला हाक मारली. मोठी नव्हे, साधीच, पण शेवट लांबवलेली, असं बहिणीनं मागाहून सांगितलं. चिपाडाच्या ढिगावर झोपलेल्या ह्या बहाद्दरानं तिथूनच "ओ" दिली. मला ती हाक आलीच नव्हती. त्याची ओ तेवढी आली.

मॅट्रिकच्या वर्षी तो पलटणीत गेला. दुसरी मोठी लढाई पेटली होती, भरतीवाले साताऱ्यात तळ देऊन बसले होते. हा म्हणे नुसता बघायला गेला, आणि छाती मोजून, नाव देऊन परत आला. मला आधी एका शब्दानं बोलला नाही. मी इतका चिडलो, की त्याच्या वाट्याच्या भाकरी थापून ठेवल्या होत्या त्या दुसऱ्यालाच खायला दिल्या. तो हसत म्हणाला, "गणितापेक्षा बंदूक बरी, गड्या. बंदुकीला उत्तर चुकलं तर मास्तर मारत न्हाई." जाताना माझं घोंगडं घडी करून बगलेत मारलं. मी म्हटलं, "आरं, ते माजं हाय." तर म्हणतो, "आता तुज्या वाट्याचं निम्मं बी माज्याकडं असू दे. आलो म्हंजी दोन्ही निम्मी एकदम देतो."

मॅट्रिक झाल्यावर मी सांगलीला एका हळदीच्या अडत दुकानात कारकून म्हणून चिकटलो. हळदीचा हंगाम आला की पेठेत पिवळा धुरळा उडायचा. माझे सदरे, नखं, उशी, सगळं पिवळं. मालकांना हौस म्हणून मला नवरदेव म्हणायची सवय लागली होती. लढाई लांब कुठंतरी चालली होती. त्याची खुशाली त्याच्या गावचं कुणी माल घेऊन आलं की कळायची. तेवढ्यावर माझं भागत होतं.

लढाईचं ते शेवटचं वर्ष असावं. उन्हाळा तापायला लागला होता. त्याच्या गावचा एक शिपाई रजेवर आला होता, तो बापाबरोबर हळदीची गाडी घेऊन दुकानात आला. बाप वजनकाट्यापाशी उभा राहिला आणि हा मला पोत्यांच्या आड घेऊन गेला.

"तुजा दोस्त गेला," म्हणाला.

"कुटं गेला?" मी विचारलं. आज मलाच माझी कीव येते. पण तेव्हा खरोखर वाटलं, की ह्याची पलटण हलली असेल.

मग त्यानं सांगितलं. ब्रह्मदेशात, एका टेकडीवरून हे लोक मागं हटत होते. तो झाडाच्या बुडाला पाठ टेकून बसलेला होता. "डोळं उगडंच हुतं," शिपाई म्हणाला.

"उगडं म्हंजी कसं?"

"आता कसं काय सांगू? अर्धं. आमच्या हवालदारानं दोनदा नावानं हाक मारली. मग आमाला तितनं निघावं लागलं."

"आरं पर कुणी हात लावून बगितला का न्हाई?"

"वरनं गोळ्या येत हुत्या, गड्या. हात कवा लावायचा?"

माझ्या डोक्यात एकदम दोन माणसं बोलायला लागली. एक म्हणत होता, अरे, तो तसाच झोपतो. दमून झाडाखाली बसला असेल, डोळा लागला असेल, आणि ही गाढवं त्याला टाकून आली. दुसरा म्हणत होता, हाक मारली होती ना? मग पहिला म्हणायचा, तोफांच्या आवाजात हाक कुणाला ऐकू येते? हे दोघं पुढं कितीतरी दिवस माझ्या डोक्यातून हलले नाहीत.

"घरी सांगितलंस?" मी विचारलं.

"गेलतो सांगायला. आई दारातच उबी हुती. आत ये, च्या घे म्हणली. म्या नगं म्हणलो. बोलायला तोंड उगडलं, तर म्हणली, 'लेका, घरात लगीन हाय. लगीन हुस्तवर लढाईचं काय बी माज्या कानावर घालू नगंस.' मग काय बोलू? आलो म्हागारी." एवढं सांगून त्यानं टोपी सारखी केली. "माजी रजा संपली. आता तुला ठावं झालंय, तू बग."

तू बग! म्हणजे ह्याच्या डोक्यावरचं पोतं उतरलं आणि माझ्या पाठीवर आलं. मला त्याचा भयंकर राग आला. त्याच्या बापाच्या हळदीला मी त्या दिवशी मुद्दाम खोट काढली, पण मालकांनी ती ऐकली नाही.

लग्न बहिणीचं होतं, हे मला माहीत होतं. आणि आई तसं का म्हणाली असेल, हेही आमच्या मुलखातल्या कुणालाही कळलं असतं. दूरदेशी मेलेल्याचं सुतक आमच्याकडे मेल्या दिवसापासून धरत नाहीत, कानावर पडल्या घटकेपासून धरतात. ऐकलं, की अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावरून पाणी घ्यायचं आणि तिथून पुढं दिवस. ऐकलंच नाही, तर सुतक नाही. आणि सख्खा भाऊ गेला म्हटल्यावर लग्न वर्षभर तरी लांबलं असतं. नवरामुलगाही पलटणीतला, लग्नापुरता रजा काढून आलेला. एकदा परत गेला की पुन्हा येणार कधी, आणि येणार का, हे कोण सांगणार?

पण मला कळेना ते हे, की आई काय समजून तसं म्हणाली? तिला खरं उमगलं होतं, म्हणून तिनं त्या शिपायाचं तोंड धरलं? का शुभकार्याच्या घरात मारामारीच्या गोष्टी नकोत, एवढाच साधा अर्थ होता? मी सारखा ह्या बाजूनं विचार करायचो, त्या बाजूनं करायचो. सोमवारी तो मेलेला असायचा आणि मंगळवारी झोपलेला. एखाद्या दिवशी विक्रीच्या हिशेबाची पट्टी लिहिता लिहिता डोळ्यांत पाणी यायचं, आणि लगेच वाटायचं, मूर्खा, तो आला तर हसेल तुला.

आठ-पंधरा दिवसांनी त्याचा चुलता दुकानात आला. लग्नाची हळद घ्यायला. मी त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होतो. चुलता मोठा थंड माणूस. ओंजळीत हळकुंडं घेतली, एक मोडून आतला रंग पाहिला, वास घेतला.

"आबा, तिकडनं काय खबर?" मी अंदाज घेत विचारलं.

"खबर कसली? बरा असंल." त्यानं दुसरं हळकुंड मोडलं. "ही जरा फिकी हाय रं. दुसरी काढ." मग पिशवी बांधता बांधता म्हणाला, "तुला लग्नाला यायचं हाय. वैनीनं सांगितलंय. पोरगा लढाईवर. कानपिळीला तू उबा ऱ्हा."

कानपिळी हा नवरीच्या भावाचा मान. लग्न लागल्यावर भावानं नवऱ्या मुलाचा कान पिळायचा, माझ्या बहिणीला नीट वागव म्हणून, आणि नवऱ्याकडच्यांनी त्याला फेटा बांधायचा. सख्खा नसेल तर चुलत, मावस कुणी उभा राहतो. पण आपल्या भावकीतला, आपल्या जातीतला. मी मेंढपाळाचा पोर. मी म्हटलं, "आबा, लोक काय म्हणतील?" तर म्हणाला, "लोकांचं मला सांगू नगंस. वैनीचं डोकं फिरलंय म्हणावं, तर बाकी समदं नीट करतीया. तू आपला ये." एवढं बोलून तो निघून गेला. ह्याला माहीत आहे का नाही, ते काही केल्या त्याच्या चेहऱ्यावर सापडलं नाही.

मी गेलो. मोटारीनं इस्लामपूरपर्यंत आणि पुढं उन्हातून चालत. वाटेत ठरवत होतो, गेल्या गेल्या चुलत्याला बाजूला घ्यायचं आणि विचारायचं. मग ठरवायचो, नको, गप्पच बसायचं. दारात मांडव पडला होता. आईनं मला लांबूनच पाहिलं असावं. मी पोचायच्या आत ती उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात गुळाचा खडा.

"घे," म्हणाली.

साधी गोष्ट आहे. उन्हातून आलेल्या पाहुण्याला गूळपाणी देतातच. पण माझा हात पुढं होईना. कारण मरणाची बातमी घेऊन आलेला माणूस त्या घरात बसत नाही, घरचं पाणीही घेत नाही. त्यांच्याकडेही नाही, आमच्याकडेही नाही. उंबऱ्याबाहेरूनच सांगतो आणि जातो. मला तेव्हा एकदम त्या शिपायाचा नको म्हटलेला चहा आठवला. म्हणजे हिला त्याच वेळी कळलं? का मीच आपला उगीच तर्क लढवतोय? तांब्या घेऊन ती उभी होती आणि माझ्या तोंडाकडे बघत होती. तिच्या मागं घरात बायका हसत होत्या, कुणीतरी लेकराला रागावत होतं.

मी पाणी प्यालो. गूळ तोंडात टाकला आणि सगळा तांब्या घटाघटा रिकामा केला. का प्यालो, ते अजून मला नक्की सांगता येत नाही. तो जिवंत आहे असं मानून प्यालो, का घाबरून, का नुसतीच तहान लागली होती म्हणून?

"बरं केलंस, लेका," ती म्हणाली आणि रिकामा तांब्या घेऊन आत गेली.

विधवा बाई, म्हणून ती मांडवात येत नव्हती. तिचं सगळं राज्य परसात. चुली तिथंच पेटल्या होत्या. मी हात-पाय धुवायला मागं गेलो, तर न्हाणीच्या भिंतीला लागून चार घागरी मांडलेल्या, काठोकाठ भरून, तोंडाला पांढरी फडकी बांधून. स्वयंपाकाला पाणी कमी पडलं म्हणून एक बाई त्यातली एक उचलायला गेली, तर आई चुलीपासून ओरडली, "त्येला हात लावू नगा! त्ये पाणी येगळं हाय!" ती बाई बिचारी दचकली आणि विहिरीवर गेली. मला वाटलं, देवकार्याचं काही असेल.

लग्न लागलं. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, आणि कानपिळीला मी पुढं झालो. नवऱ्याकडच्या एका म्हाताऱ्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "ह्यो कोण पोरीचा?" त्यानं विचारलं. चुलता नुसताच घसा खाकरायला लागला.  माझे कान असे तापले, की पिळायची गरज नवऱ्यापेक्षा मलाच होती. तेवढ्यात मधल्या दाराच्या आडून आईचा आवाज आला. "त्यो तिचा भाऊ हाय. माज्या लेकानं निम्मी शाळा त्याच्या घोंगड्यात काढलीया. पिळ रं कान!"

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. मी नवऱ्या मुलाचा कान धरला. उन्हानं रापलेला, शिपायाचा कान. बहीण मुंडावळ्यांआडून हळूच म्हणाली, "एवढ्यानं काय हुतंय? दादा असता तर उपटून हातात दिला असता." तिच्या बोलण्यात दादा कसा आरामात, जिवंत होता. मला हुंदका आला. तो दाबायला मी कान इतक्या जोरानं पिळला, की नवरामुलगा "आवं! आवं!" करत उठायला लागला. मांडव हसून लोटपोट झाला. त्या हसण्यातच माझ्या डोक्याला गुलाबी फेटा बांधला गेला. आजही कुणी मला विचारलं, तुम्ही भाऊ-बहिणी किती, तर मी जरा अडखळतो. घरची मंडळी म्हणतात, एवढं साधं विचारलं तर ह्यांना मोजावं लागतं.

जेवणावळी झाल्या. ऊन उतरल्यावर नवरीला गाडीत बसवलं. सगळं गाव वेशीपर्यंत गेलं. आई मात्र घरीच राहिली. दारातून लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि मागं वळली, तेवढंच. वेशीवर चुलती रडली, नवरी रडली, मीही रडलो. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली. चुलता, चुलती आणि मी घरी आलो. मला सांगलीला परतायचं होतं. निघतो म्हणून सांगायला मी परसात गेलो.

सरकारातून कळवणं आलं ते पुढं कितीतरी दिवसांनी, पावसाळा संपल्यावर. ते आलं तेव्हा ह्या घराचं रडून झालेलं होतं. त्या संध्याकाळी मात्र कुणाकडे काहीच नव्हतं. माझ्याकडे एका शिपायाचं बोलणं होतं, तेही अर्धवट.

चुली विझल्या होत्या. ती न्हाणीपाशी दगडावर बसली होती.

"गेली का गाडी वेशीच्या पल्याड?" तिनं विचारलं.

"गेली, मावशी."

"दिसंनाशी झाली?"

"व्हय."

"मग आता सांग," ती म्हणाली. "लेक दुसऱ्या घरची झाली. आता माजं कान मोकळं हायती."

मी चुलत्याकडे बघितलं. तो ओट्याच्या कडेवर बसला, गुडघ्यात मान घातली. म्हणजे ह्यालाही माहीत होतं. का आत्ताच कळत होतं? मी बोलायला लागलो. झाड सांगितलं, टेकडी सांगितली, आणि मग मला राहवलं नाही, एकदम माझ्या मनातलं सगळं बाहेर आलं. "मावशी, पर त्याचं डोळं उगडं हुतं. अर्धं. आपल्याला ठावं हाय, त्यो कसा झोपतो ते. त्यांनी हात लावूनसुदिक बगितलं न्हाई. त्यो झोपला असंल, मावशी. दमून झोपला असंल."

तिनं शांतपणे ऐकून घेतलं. मला वाटलं, ही आता माझा हात धरेल, म्हणेल, व्हय रं, झोपलाच असंल. मला तेच हवं होतं.

"कुणी हाक मारली का त्याला?" तिनं विचारलं.

मी विझलेल्या चुलीकडे बघायला लागलो.

"नावानं मारली का?"

"हवालदारानं मारली. दोनदा. पर तोफांच्या आवाजात—"

"गुऱ्हाळाचा आवाज काय कमी असतुया?" ती म्हणाली. उठली आणि परसदाराशी गेली. पलीकडे ऊस उभा होता. चरक बंद, बैल सुटलेले, सगळं गप्प. तिनं त्याला हाक मारली. तीच, साधी, शेवट लांबवलेली. मी पहिल्यांदाच ती जवळून ऐकत होतो. खरं सांगतो, मी उसाकडे कान लावला. चुलत्यानं मान वर केली. चुलती पदर तोंडाशी धरून तशीच उभी राहिली. आम्ही सगळेच थांबलो होतो. 

"न्हाई," ती म्हणाली. "गेला माजा."

मग ती मागं आली, पहिल्या घागरीचं फडकं सोडलं आणि लेकीच्या लग्नासाठी नेसलेल्या लुगड्यानिशी ती डोक्यावर ओतून घेतली. तोवर तिच्या तोंडून रडण्याचा आवाज निघाला नव्हता. पाणी अंगावर पडलं आणि मग निघाला. दुसरी घागर चुलत्यानं घेतली, तिसरी चुलतीनं. त्या घागरी सकाळपासून कशासाठी भरून ठेवल्या होत्या ते मला आता कळलं. लग्नाच्या दिवशी, सनई वाजत असताना, ही बाई सुतकाचं पाणी राखत होती.

मी बाजूला उभा होतो. मित्राला सुतक नसतं. नात्यातला नाही, भावकीतला नाही, जातीतलाही नाही. माझ्यासाठी आमच्या रिवाजात काहीच लिहिलेलं नव्हतं. तिथं थांबावं, का निघून जावं, का विहिरीवर जाऊन गुपचूप डोक्यावरून पाणी घ्यावं, मला समजेना. मी आपला फेटा सोडायला लागलो, कारण शोकाच्या घरी गुलाबी फेटा घालून उभं राहायची लाज वाटायला लागली होती. आणि तेवढ्यात माझं लक्ष भिंतीकडे गेलं. चौथी घागर तशीच होती, फडकं बांधलेली. घरात आता माणसं तीन. लेक सासरी गेलेली. मी मनात मोजलं, पुन्हा मोजलं.

"ऱ्हाऊ दे फेटा," ती निथळत तशीच म्हणाली. "उबा का? कान पिळताना भाऊ हुतास नव्हं? मग घे की डोक्यावरनं."

मी फडकं सोडलं. घागर जड होती, माझ्या हातांना उचलेना. चुलत्यानं बुडाला हात दिला आणि मी ती फेट्यावरून रिती केली.